ग्रंथालयशास्त्राचे आधुनिकीकरण आणि वेगळे कपाट

ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण आधुनिक व्हावयास हवे, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. चर्चासत्रे भरतात, निबंध वाचले जातात, अभ्यासक्रमाच्या मसुद्यात कृत्रिम बुद्धिमत्ता, क्लाउड, डिजिटल संग्रह असे नवे शब्द येतात. परंतु हे आधुनिकीकरण नेमके कशाचे व्हावयाचे आहे, हा प्रश्न त्या चर्चासत्रांत क्वचितच विचारला जातो. खोलीतली यंत्रे बदलली आणि ग्रंथाकडे व वाचकाकडे पाहण्याची दृष्टी तीच राहिली, तर ज्यांना आजवर ग्रंथालयाच्या उंबरठ्यावर उभे केले गेले, ते नव्या यंत्राच्याही उंबरठ्यावरच उभे राहतील. दलित साहित्याच्या आणि दलित वाचकाच्या बाजूने हा प्रश्न तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बीड तालुक्यातील नेकनूरचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून मी तो तपासणार आहे; कारण कोणत्याही शिक्षणाची कसोटी ते शेवटच्या वाचकापर्यंत पोहोचते की नाही, हीच असते.

१

नेकनूर हे मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची आणि तांड्यांची माणसे येथे बाजाराला, दवाखान्याला, शाळेला येतात. या सगळ्या टापूचे वर्ष ऊसतोडीने दोन भागांत कापलेले आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवराबायकोच्या जोडीला येथे ‘एक कोयता’ म्हणतात, यातच त्या जगण्याचा हिशेब आला. मागे राहिलेली मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात शिकतात, आणि त्यांतलीच काही पुढे महाविद्यालयात येतात. त्यांच्या घरात शिकलेला पहिला माणूस तेच असतात. प्रस्तुत लेखकही अशाच घरातला आहे.

अशा विद्यार्थ्याची आणि ग्रंथालयाची पहिली भेट कशी होते? बहुतेक ठिकाणी कपाटे कुलपात असतात. देवघेवीच्या खिडकीपाशी चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून द्यावयाचे असते. ज्याच्या घरात पुस्तकांची नावे घेणारे कोणी नाही, त्याने चिठ्ठीवर काय लिहावे? सुशिक्षित घरातला मुलगा पुस्तकांची नावे घरातूनच घेऊन येतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती ग्रंथालयाने द्यावयाची असतात. म्हणून तालिका, विषयशीर्षक, वर्गांक या गोष्टी त्याच्या दृष्टीने केवळ तांत्रिक नाहीत. वडिलांनी किंवा थोरल्या भावाने जे सांगितले असते, ते त्याला तालिकेने सांगावयाचे असते. तालिका मुकी असेल किंवा खोटे बोलत असेल, तर त्याचे नुकसान इतरांहून जास्त होते.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हा त्यांतला दुसरा. परीक्षेत तो पाठ म्हणून दाखवला की गुण मिळतात. सहा महिने फडात राहणाऱ्या वाचकाला हा सिद्धांत कसा लागू करावयाचा, हे मात्र प्रश्नपत्रिकेत कधी विचारले जात नाही.

२

ग्रंथाला आकडा देणे ही वरवर पाहता निरुपद्रवी क्रिया आहे. परंतु जगाची मांडणी कोणी केली, हे त्या आकड्यांतून दिसते. आपल्याकडील बहुसंख्य ग्रंथालयांत मेलव्हिल ड्यूई यांची दशांश पद्धती चालते. ती १८७६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात धर्माला २०० ते २९९ हे आकडे आहेत. त्यांतले बहुतेक ख्रिस्ती धर्माने व्यापले आहेत, आणि जगातील बाकीच्या सर्व धर्मांना २९० च्या दहात दाटीवाटीने बसविले आहे. बौद्ध धर्म २९४.३ मध्ये आणि हिंदू धर्म २९४.५ मध्ये येतो. याच ड्यूई यांच्या लेक प्लॅसिड क्लबमध्ये ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांचा वंशवाद, ज्यूद्वेष आणि स्त्रियांशी असलेली वर्तणूक ध्यानात घेऊन अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ साली आपल्या सन्मानपदकावरून त्यांचे नाव काढून टाकले. आमच्या वर्गात ड्यूई हे वर्गीकरणाचे जनक म्हणून शिकविले जातात. त्यांच्याविषयीचा हा निर्णय शिकविला जात नाही. तो शिकविल्याने दशांश पद्धती टाकाऊ ठरेल असे नव्हे. ती माणसाने, विशिष्ट समाजात बसून केलेली रचना आहे, आणि म्हणून ती तपासता येते व दुरुस्त करता येते, एवढे विद्यार्थ्याला कळेल.

रंगनाथनांची द्विबिंदू पद्धती १९३३ साली आली. एका ग्रंथाच्या विषयाला अनेक पैलू असतात आणि ते सुटे करून पुन्हा जोडता येतात, हा तिचा मूळ विचार. हा विचार फार मोलाचा आहे, आणि संगणकाच्या युगात तो अधिकच उपयोगी आहे. परंतु अनेक ठिकाणी ही पद्धती शिकविली जाते ती प्रात्यक्षिकाच्या परीक्षेपुरती. विद्यार्थी आकडे बांधावयास शिकतो. त्यामागचा विचार कोठे वापरावयाचा, हे त्याला कोणी सांगत नाही.

आता आपल्या साहित्याकडे येऊ. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. ते कोठे ठेवावयाचे? मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आहे; तेथे ते शोभते. चरित्र-आत्मचरित्रांच्या ९२० मध्येही बसते. सामाजिक वर्गांचा विचार ३०५.५ मध्ये होतो. तेथेही कोणी नेईल. तिन्ही उत्तरांना आधार आहे. परंतु एका प्रतीला फळीवर एकच जागा असते, आणि ती निवडणे म्हणजे हा ग्रंथ वाङ्मय आहे की सामाजिक दस्तऐवज, याविषयी निकाल देणे होय. दलित आत्मकथने ही कलाकृती की समाजशास्त्राची सामग्री, हा वाद समीक्षकांनी वर्षानुवर्षे घातला. ग्रंथपालाने तोच वाद पुस्तकाच्या कण्यावर चिठ्ठी चिकटवून एका मिनिटात मिटविलेला असतो, आणि त्याचा तो निकाल कोणी वाचतही नाही.

३

अनेक महाविद्यालयांनी ही अडचण तिसऱ्याच मार्गाने सोडविली आहे. ‘आंबेडकर साहित्य’ किंवा ‘दलित साहित्य’ अशी पाटी लावून एक वेगळे कपाट केले जाते. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला त्यापुढे प्रदर्शन भरते. या कपाटामागे आदर असतो, हे मी नाकारीत नाही. एकत्र असलेली पुस्तके कार्यकर्त्याला सापडतात, हा त्याचा लाभही आहे. परंतु त्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा १९२३ सालचा ग्रंथ चलनाच्या शास्त्राचा आहे. त्याची जागा ३३२.४ मध्ये, इतर अर्थशास्त्रज्ञांच्या शेजारी आहे. तो वेगळ्या कपाटात गेला की अर्थशास्त्राचा विद्यार्थी चलनाचे कपाट चाळून जातो आणि बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे त्याला कळतच नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ धर्मशास्त्राच्या फळीवर नसतो. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ मराठी कवितेच्या फळीवर नसतो. गावात वस्ती वेगळी असते, तशी ग्रंथालयात फळी वेगळी होते. आणि मुख्य फळी त्यामुळे आपोआपच ‘शुद्ध’ राहते.

हा अनुभव आपल्याच वाट्याला आलेला नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून काम करणाऱ्या डॉरोथी पोर्टर या कृष्णवर्णीय ग्रंथपाल स्त्रीने नेमक्या याच प्रश्नाला हात घातला. त्या काळी कृष्णवर्णीय लेखकाचे पुस्तक, मग तो कवितासंग्रह का असेना, ३२५ म्हणजे वसाहतीकरण किंवा ३२६ म्हणजे गुलामगिरी या आकड्यांत टाकण्याची रीत होती. पोर्टर यांनी ती रीत नाकारली. काव्य काव्यात, इतिहास इतिहासात, अशी ग्रंथांची मांडणी त्यांनी केली आणि तरीही कृष्णवर्णीयांच्या लेखनाचा संग्रह म्हणून त्याची ओळख जपली. काळ्या साहित्याशी आपले नाते आपण अनेकदा सांगतो. त्या साहित्याच्या या ग्रंथपालाची ओळख आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गांना व्हावयास हवी.

नव्या तंत्रज्ञानाचे खरे महत्त्व येथे आहे. कार्डांच्या तालिकेत एका ग्रंथासाठी चार-पाच कार्डे लिहिणेही कष्टाचे होते. संगणकीय तालिकेत एका ग्रंथाला दहा विषयशीर्षके देता येतात. ‘बलुतं’ मराठी साहित्य शोधणाऱ्याला सापडेल, आत्मकथन शोधणाऱ्याला सापडेल, मुंबईतील कामगारवस्तीचा इतिहास शोधणाऱ्याला आणि बलुतेदारीचा अभ्यास करणाऱ्यालाही सापडेल. प्रत फळीवर एकाच जागी राहील. तिची नावे मात्र सर्व वस्त्यांत राहतील. वेगळे कपाट की मुख्य फळी, हा पेच यंत्राने सोडविता येतो. परंतु यंत्र तो आपण होऊन सोडवीत नाही. दहा शीर्षके देण्याची सोय असताना ‘दलित साहित्य’ एवढे एकच शीर्षक देऊन मोकळे होणारा ग्रंथपाल आपण घडवीत राहिलो, तर संगणकाच्या पडद्यावरही तेच वेगळे कपाट उभे राहील.

४

नाव देणे ही वर्गीकरणाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची विषयशीर्षके जगभर उसनी घेतली जातात. त्यांत आपल्यासाठी दीर्घकाळ ‘अनटचेबल्स’ हा शब्द होता. पुढे त्या जागी ‘दलित्स’ आला. सँफर्ड बर्मन या ग्रंथपालाने १९७१ साली या शीर्षकांतील पूर्वग्रहांवर ग्रंथच लिहिला होता. शीर्षके बदलतात ती कोणीतरी आग्रह धरतो म्हणून. मराठीत असा आग्रह धरणारे ग्रंथपाल हवेत. ‘बहिष्कृत’, ‘अस्पृश्य’, ‘हरिजन’, ‘दलित’, ‘नवबौद्ध’, ‘बौद्ध’ या शब्दांमागे प्रत्येकी एक कालखंड आणि एक भूमिका आहे. जुन्या ग्रंथाच्या नावातला शब्द जसाच्या तसा जपावयाचा आणि शोधणाऱ्याला आजच्या शब्दावरून तेथवर न्यावयाचे, हे कौशल्य आहे. ते शिकवावे लागते.

व्यक्तिनामांचेही तसेच आहे. तुकाराम भाऊराव साठे यांना आपण अण्णा भाऊ म्हणतो. छापील पुस्तकांवर आणि तालिकांत ‘अण्णा भाऊ’, ‘अण्णाभाऊ’, ‘आण्णाभाऊ’ अशी रूपे आढळतात. यंत्राच्या लेखी ही तीन माणसे आहेत. ती एकच आहेत, हे नोंदवून ठेवण्याचे काम ग्रंथपालाचे. दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. तालिकेत ‘दगडू पवार : पाहा दया पवार’ अशी नोंद केली की नियमाप्रमाणे काम पुरे झाले. परंतु ‘बलुतं’मध्ये दगडू दयाला आपली कहाणी सांगतो, पांढरपेशा झालेला माणूस आणि मागे राहिलेला माणूस यांच्यातील तो संवाद आहे. दोन नावांतील अंतर हाच त्या ग्रंथाचा गाभा आहे. ग्रंथपालाने ‘पाहा’ जरूर लिहावे. आपण कोणत्या जखमेवर ते लिहीत आहोत, याची जाणीव मात्र त्याला असावी.

शांताबाई कांबळे यांच्या १९८६ सालच्या आत्मकथनाचे नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ असे आहे. माहिती भरणाऱ्याने हे नाव ‘शुद्ध’ करून ‘माझ्या जन्माची’ असे टंकले की त्या नावाने शोधणाऱ्याला ग्रंथ सापडावयाचा नाही. उलट नाव जसेच्या तसे भरले आणि शोधणाऱ्याने प्रमाण मराठी टंकली, तरीही सापडणार नाही. म्हणजे दोन्ही रूपे नोंदवावी लागतात. बोलीला अशुद्ध मानणारी शाळा ज्या मनात बसली आहे, त्या मनाला ही नोंद सुचत नाही. भाषेची ही जाण संगणकाच्या पाठ्यपुस्तकात नसते. ती दलित साहित्याच्या वाचनाने येते.

त्यात लिपीच्या अडचणी आणखी आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दिसावयास एकच असला तरी तो दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो, आणि शोधताना यंत्राला ते दोन शब्द वाटू शकतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपली नियतकालिके, स्मरणिका, पुस्तिका श्रीलिपीसारख्या टंकांत जुळविली गेली. त्या फायली आज टंक नसलेल्या यंत्रावर उघडल्या तर निरर्थक चिन्हे दिसतात. त्याआधीचा मजकूर खिळ्यांच्या छपाईत, पिवळ्या पडून तुटणाऱ्या कागदावर आहे. त्याची छायाचित्रे घेऊन यंत्राकडून अक्षरे वाचून घेता येतात, पण यंत्र चुका करते आणि बोलीतल्या शब्दांपाशी अधिक करते. या चुका कोणी सुधारावयाच्या? ज्याला ती बोली येते त्याने. नेकनूरच्या परिसरातून आलेला विद्यार्थी या कामात मागे नसून पुढे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

५

भारतातील ग्रंथपाल-प्रशिक्षणाचा आरंभ बडोद्याला झाला. सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली बोलावून घेतले आणि १९११ साली तेथे प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. गावोगाव वाचनालये झाली. जेथे वाचनालय नाही तेथे ग्रंथांच्या फिरत्या पेट्या गेल्या. त्या काळाच्या मानाने हे अतिशय आधुनिक काम होते. याच संस्थानात, सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली राहावयास खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. राजा उदार होता, ग्रंथालये आधुनिक होती, आणि समाज होता तसाच होता. आधुनिक संस्था आणि आधुनिक समाज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या इतिहासात शोधावे लागणार नाही. ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासाच्या तासाला पहिली हकीकत सांगितली जाते, दुसरी सांगितली जात नाही.

आजच्या शिक्षणातही हीच फारकत आहे. प्रात्यक्षिकाला विद्यार्थी इंग्रजी ग्रंथांच्या पंचवीस-पन्नास नावांवर आकडे बसवितो. संगणकाच्या प्रात्यक्षिकात तीच नावे एखाद्या प्रणालीत भरतो. ‘कोहा’ ही ग्रंथालय-प्रणाली न्यूझीलंडच्या एका लहान ग्रामीण ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० सालापासून सर्वांना विनामूल्य मिळते. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. तिच्यात मराठी नोंदी करता येतात. म्हणजे गरीब ग्रंथालयाला साधन मिळालेले आहे. परंतु अनेक महाविद्यालयांत संगणकीकरण होते ते नॅकची समिती यावयाची असते म्हणून. समिती जाते, आणि नोंदी भरण्याचे काम अर्ध्यावर थांबते. विद्यार्थी पुन्हा चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी उभा राहतो.

या विषयावर आपल्यातही दोन टोकाची मते ऐकू येतात. यंत्राला जात नसते, म्हणून यंत्र आले की भेदभाव जाईल, असे काहींना वाटते. काहींच्या मते हे सारे भांडवलदारांचे आणि उच्चवर्णीयांचे तंत्र आहे. आपला त्याच्याशी संबंध नाही. दुसऱ्या मताला बाबासाहेबांनीच उत्तर देऊन ठेवले आहे. १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधीविषयक ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवून फुरसत आणि संस्कृती मिळवून देण्यास यंत्र आवश्यक आहे, दोष असेल तर तो यंत्राचा मालक ठरविणाऱ्या समाजरचनेत आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पहिले मत मात्र आज अधिक धोक्याचे आहे, कारण ते सुशिक्षितांत वाढते आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडे या दृष्टीने पाहावे. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘अ‍ॅनिफ’ नावाचे एक मुक्त साधन तयार केले आहे. ग्रंथाचा मजकूर दिला की ते विषयशीर्षके सुचविते. ते हे शिकते कोठून? माणसांनी पूर्वी केलेल्या नोंदींतून. म्हणजे पूर्वीच्या ग्रंथपालाने ज्या ग्रंथांना एकच पाटी लावली, त्यांच्यासारख्या नव्या ग्रंथांना यंत्रही तीच पाटी लावील, आणि ती यंत्राने लावली म्हणून निःपक्षपाती मानली जाईल. प्रश्नांना उत्तरे देणारी यंत्रेही आता विद्यार्थ्यांच्या हातात आहेत. ती मराठीत सफाईने बोलतात. परंतु ज्या साहित्याचे फार थोडे अंश संगणकावर आले आहेत, त्याविषयी विचारले की कधी न छापलेल्या पुस्तकाचे नाव आणि साल ती आत्मविश्वासाने सांगून टाकतात. ज्याच्या घरात पडताळून पाहणारे कोणी नाही, त्याची येथे फसगत होते. म्हणून नव्या ग्रंथपालाला यंत्र वापरता आले पाहिजे आणि त्याचे उत्तर मूळ ग्रंथाशी ताडून खोटे पाडताही आले पाहिजे.

६

मग पडद्यावर आहे काय? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके, आणि लाभ सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही नियतकालिके मिळाली पाहिजेत, यात वाद नाही. परंतु त्या तेरा हजारांत आमच्या चळवळीची नियतकालिके नाहीत. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी. ‘अस्मितादर्श’ने साठीच्या अखेरीपासून लिहित्या हातांची पिढी घडविली. दलितांचे लेखन ग्रंथांआधी नियतकालिकांत झाले. मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत आला; त्याला पुस्तकाचे रूप नव्हते. केवळ नियतकालिकाचे नाव तालिकेत असेल आणि लेखांची सूची नसेल, तर अशी मुक्ता अंकाच्या पोटात बुजून जाते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा संगणक नव्हता. आज सर्व साधने असताना दलित नियतकालिकांची संपूर्ण लेखसूची हा एखाद्या विभागाचा अनेक वर्षांचा प्रकल्प का होऊ नये?

साधन असणे आणि इच्छा असणे यांतील अंतर आपण पाहिलेले आहे. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढते. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. हे खंड मागणी असूनही छापले जात नाहीत, कागद घेऊन ठेवला तरी छपाई पुढे सरकत नाही, या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ च्या डिसेंबरात स्वतःहून दखल घ्यावी लागली. छपाईचे तंत्रज्ञान नव्हते म्हणून हे घडले, असे कोणी म्हणणार नाही.

येथे कायद्याचे ज्ञानही उपयोगी पडते. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले आहेत. कोणतेही गावचे वाचनालय ते संगणकावर आणू शकते, भ्रमणध्वनीवर वाटू शकते. अण्णा भाऊ १९६९ साली गेले. त्यांच्या बाबतीत २०२९ संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागेल. ही साधी गणिते ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असावीत. बडोद्याची फिरती पेटी आज फडावरच्या कोपीत भ्रमणध्वनीच्या रूपाने पोहोचू शकते. तिच्यात काय भरावयाचे, एवढेच ठरवावयाचे आहे.

७

शेवटी पोटाचा प्रश्न. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात आज जी मुले बसतात, त्यांत आपल्या वस्त्यांतली मुले पुष्कळ आहेत. ही पदवी घेतली की नोकरी लागेल, अशी त्यांची समजूत असते. बाहेर पडल्यावर त्यांना शाळेतली अर्धवेळ जागा, महाविद्यालयातील रिक्त ठेवलेले पद आणि सार्वजनिक ग्रंथालयातील तुटपुंजे मानधन दिसते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा आहे; त्यात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ती होती. त्यामुळे आपली ग्रंथालये अनुदानाच्या तोंडाकडे पाहत राहतात. अशा परिस्थितीत ‘तंत्रज्ञान शिका म्हणजे काम मिळेल’ एवढाच उपदेश करणे ही फसवणूक आहे. पदे भरा, मानधनाऐवजी वेतन द्या, ही मागणी आधुनिकीकरणाच्या चर्चेत पहिल्या ओळीत आली पाहिजे. ग्रंथपालाविना संगणक ठेवलेले ग्रंथालय म्हणजे कुलपाला नवा रंग दिलेले कपाट होय.

अभ्यासक्रमाविषयी माझ्या अपेक्षा मोजक्या आहेत. प्रात्यक्षिक परीक्षा काल्पनिक नावांवर न घेता विद्यार्थ्याच्या गावातील खऱ्या वाचनालयावर घ्यावी; नेकनूरच्या मुलाने नेकनूरच्या पुस्तकांची मराठी तालिका कोहात तयार करावी आणि ती गावाला वापरावयास द्यावी. मराठी विषयशीर्षकांची सूची विद्यापीठाच्या विभागाने तयार करावी, आणि ती करताना त्या त्या समाजातील लेखक व कार्यकर्ते यांना सोबत घ्यावे. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणे, यंत्राने वाचलेली अक्षरे सुधारणे, लेखसूची करणे, स्वामित्वहक्क तपासणे, या कामांना स्वतंत्र गुण असावेत. जलशांच्या वह्या, परिषदांच्या स्मरणिका, घरोघरी पेटीत पडलेली पत्रके यांची नोंद करून त्यांच्या मालकाच्या संमतीने प्रती कराव्यात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रश्नपत्रिकेत यंत्राने दिलेले एखाद्या दलित ग्रंथाचे वर्णन मूळ ग्रंथाशी ताडून पाहण्याचा एक प्रश्न सक्तीचा ठेवावा. आणि वर्गीकरणाच्या पहिल्या तासाला, रंगनाथन व ड्यूई यांच्याबरोबर, डॉरोथी पोर्टर यांचे नाव घ्यावे.

यांतली बहुतेक कामे करावयास मोठा निधी लागत नाही. त्यासाठी शिक्षकाने दलित साहित्य वाचलेले असावे लागते आणि ग्रंथालयाला चळवळीचा भाग मानावे लागते. आपल्या चळवळीने वसतिगृहे उभारली, महाविद्यालये उभारली, नियतकालिके चालविली. तालिका मात्र आपण इतरांच्या हाती ठेवली. आता नोंदी नव्याने भरल्या जात आहेत. गावोगावची दाखल नोंदवही संगणकात जात आहे. एकदा भरलेली नोंद पुढची अनेक वर्षे कोणी बदलणार नाही. आपल्या ग्रंथांना कोणत्या नावांनी हाक मारावयाची, हे ठरविण्याची हीच वेळ आहे. आणि ते काम ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हातून झाले पाहिजे.